वाय-फाय संथ, बॅकअप रोज अर्धवट: पाणी नेमकं कुठे मुरतंय?

तक्रार बहुतेक घरांतून जवळपास याच शब्दांत येते: "दोनशे एमबीपीएसचा प्लॅन आहे, पण आतल्या खोलीत तीस-चाळीसच मिळतात. रात्री नऊनंतर व्हिडिओ कॉल अडकतो. आणि लॅपटॉपचा बॅकअप लावून झोपलं, तर सकाळी बघावं तेव्हा अर्ध्यावरच असतो." यावर पहिला सल्ला मिळतो प्लॅन वाढवायचा आणि दुसरा महागडा राउटर घ्यायचा. पैसे जातात, तक्रार जिथल्या तिथे राहते. कारण घरातल्या घरात होणाऱ्या बॅकअपचा इंटरनेटच्या प्लॅनशी काडीचाही संबंध नसतो. लॅपटॉपमधून निघालेली फाइल हवेतून राउटरपर्यंत जाते आणि तिथून डिस्कवर. बाहेरून आलेली फायबरची तार काढून ठेवली तरी हा प्रवास तसाच चालू राहील.

त्यामुळे काहीही विकत घेण्याआधी रस्त्याचा कोणता तुकडा अडतोय ते मोजून काढा. आधी वायर, मग वाय-फाय आणि सगळ्यात शेवटी डिस्कचा डबा, म्हणजे घरातल्या नेटवर्कला जोडलेली बॅकअपची डिस्क. हा क्रम उलटा झाला की चांगला डबा घरात येऊनही रांगतच राहतो.

आधी दोन वेगवेगळे आकडे काढा

पहिला आकडा इंटरनेटचा. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा, केबलने थेट राउटरला जोडा आणि स्पीड टेस्ट करा. फोनवर बेडरूममध्ये बसून केलेल्या चाचणीत लाइन, राउटर, भिंत आणि शेजाऱ्यांचं वाय-फाय असं सगळं एकत्र मोजलं जातं, आणि दोष कुणाचा ते कळत नाही.

दुसरा आकडा घरातल्या जाळ्याचा, म्हणजे नेटवर्कचा. एक कॉम्प्युटर केबलवर, दुसरा वाय-फायवर, आणि दोन्हींवर आयपर्फ-३ हे फुकट साधन चालवलं की मधला खरा वेग कळतो. तेवढं करायचं नसेल तर चार-पाच जीबीची एकच मोठी व्हिडिओ फाइल एकीकडून दुसरीकडे कॉपी करून वेग बघा. फोटोंचा फोल्डर कॉपी करून मोजू नका. हजारो छोट्या फाइली जाताना प्रत्येक फाइल उघडणं, लिहिणं, बंद करणं यातच वेळ जातो आणि चांगलं जाळंही संथ वाटतं.

इथे एककांचा घोळ हमखास होतो. स्पीड टेस्ट मेगाबिटमध्ये बोलते, कॉपीची खिडकी मेगाबाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट, म्हणून १०० एमबीपीएसची (मेगाबिट प्रतिसेकंद) वाट पूर्ण भरून वाहिली तरी कॉपी १२.५ एमबी प्रतिसेकंदाच्या वर जाणार नाही. प्रत्यक्षात ११-साडेअकरा दिसतात. गिगाबिट (१००० एमबीपीएस) वाटेवर ११०च्या आसपास मिळतात.

हा फरक बॅकअपला किती भोवतो ते बघा. ५०० जीबीचा पहिला बॅकअप गिगाबिट केबलवर सव्वा तासात संपतो, १०० एमबीपीएसच्या केबलवर बारा तास घेतो, आणि आतल्या खोलीत वाय-फायवर ३० एमबीपीएस मिळत असतील तर दीड दिवस. दीड दिवसात लॅपटॉप किमान एकदा तरी कुणीतरी बंद करणारच. 'रोज अर्धवट' याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो.

केबल लावूनही ९४च्या वर जात नसेल तर

प्लॅन दोनशे-तीनशेचा, लॅपटॉप केबलवर, आणि आकडा ९३-९४ला चिकटून बसलेला. हे दिसलं की कंपनीला फोन करण्याआधी थांबा. १०० एमबीपीएसच्या इथरनेट जोडणीतून डेटासोबत जाणाऱ्या जोडमाहितीचा वाटा वजा जाता साधारण एवढंच हाती लागतं. म्हणजे वाटेत कुठेतरी एक दुवा गिगाबिटऐवजी शंभरवर चालतोय. तो दुवा तीन ठिकाणी असू शकतो: राउटरचं पोर्ट, केबल किंवा केबल जोडायला लॅपटॉपला लावलेला यूएसबी डोंगल. स्वस्त राउटरांची आणि स्वस्त डोंगलांची पोर्टं अजूनही १००चीच असतात. काही फायबरच्या डब्यांवर (बाहेरची तार ज्यात येते ते) चारपैकी एकच पोर्ट गिगाबिटचं असतं आणि त्यावर काहीतरी वेगळी खूण असते. विंडोजच्या सेटिंगमध्ये इथरनेटच्या पानावर लिंक स्पीड १००/१०० आहे की १०००/१००० तेही दिसतं.

पोर्टं गिगाबिटची असतील तर दोष केबलमध्ये, आणि तो डोळ्यांनी दिसतो. केबलच्या टोकाचा पारदर्शक प्लग उजेडात धरा, सोनेरी पिना आपल्याकडे, खटका मागच्या बाजूला, वायर खाली. डावीकडून रंग असे हवेत: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. १०० एमबीपीएसला यातल्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या पिनेवरच्या चारच तारा लागतात, म्हणजे केशरी आणि हिरवी जोडी. गिगाबिटला आठही. निळी किंवा तपकिरी तार पिनेपर्यंत पोहोचली नसेल, किंवा घाईत छाटूनच टाकली असेल, तरी दिवा लुकलुकतो, इंटरनेट चालतं आणि वर्षानुवर्षं कुणाला शंका येत नाही. प्लग कापून आठही तारा नीट बसवून पुन्हा क्रिंप केला, म्हणजे खास पकडीने दाबून बसवला, की जोडणी १०००वर येते. राउटर बदलण्याआधी हे करून बघाच, कारण इतक्या कमी खर्चात इतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

नवी केबल घेणार असाल तर पूर्ण तांब्याची कॅट-६ प्रतीची इथरनेट केबल मागा. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त मिळते, पण लांब अंतरावर ती दगा देते आणि वाकवली की आत तुटते.

रात्रीच का रखडतं?

केबलवरची चाचणी सकाळी एकदा आणि रात्री साडेनऊ-दहाला एकदा करा. रात्री केबलवरही वेग पडत असेल तर गर्दी कंपनीच्या बाजूला आहे. ते दोन आकडे वेळेसकट लिहून ठेवा आणि तक्रारीत तेच द्या. "नेट स्लो आहे" म्हटलं की राउटर बंद-चालू करायला सांगतात, आकडे दिले की तक्रार पुढे सरकते.

केबलवर वेग शाबूत आणि वाय-फायवर मात्र पडतो, तर दोष हवेत आहे. बिल्डिंगमधल्या प्रत्येक घराचा राउटर त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलत असतो, आणि रात्री सगळी घरं एकाच वेळी जागी असतात. या पट्ट्यात आपल्याकडे १ ते १३ चॅनल वापरता येतात, पण एकमेकांवर न चढणारी नेहमीची तीनच: १, ६ आणि ११. मधलं ३ किंवा ८ मोकळं दिसतं म्हणून घेऊ नका, तिथे दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचा त्रास होतो. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. अनेक राउटर मुळातच ४० किंवा 'ऑटो'वर असतात, आणि गजबजलेल्या इमारतीत त्याने तोटाच होतो. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात गळतो, म्हणून स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत जेवण गरम करतानाच कॉल तुटतो.

लॅपटॉप, टीव्ही आणि फोन ५ गिगाहर्ट्झवर न्या. २.४ फक्त स्मार्ट प्लग, जुना प्रिंटर, कॅमेरा यांच्यासाठी ठेवा. ५च्या पट्ट्यात २०१८पासून आपल्याकडे भरपूर जागा विनापरवाना खुली झाली आहे. ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ ही चॅनलं सगळ्यात निर्धोक. मधली ५२पासून १४४पर्यंतची मोकळी असतात, पण तिथे रडारला मान द्यावा लागतो. राउटरला रडारची चाहूल लागली की तो ते चॅनल सोडतो आणि अर्धा तास तिकडे फिरकत नाही. नवं चॅनलही याच पट्ट्यातलं असेल तर किमान एक मिनिट नुसतं ऐकत बसतो. हवामान खात्याची सी-बँड रडारं याच शेजारात काम करतात आणि मुंबईत वेरावलीला तसं एक आहे. वाय-फाय दिवसातून एक-दोनदा काहीही कारण नसताना मिनिटभर नाहीसं होत असेल तर राउटर कोणत्या चॅनलवर आहे ते आधी पाहा.

रात्रीच्या रखडण्याचं आणखी एक कारण घरातच असतं आणि ते सहसा ध्यानात येत नाही. घरी आल्यावर सगळ्यांचे फोन चार्जिंगला लागतात आणि दिवसभराचे फोटो क्लाउडवर चढू लागतात. वर जाणारी वाट तुंबली की खाली येणारंही अडतं, कारण प्रत्येक आलेल्या डेटाच्या पाकिटाची पोच वरच पाठवायची असते. कॉल चालू असताना फोटो अपलोड थांबवून बघा. फरक पडला तर कारण सापडलं. राउटरमध्ये एसक्यूएम (वाटेवरची गर्दी आवरणारा पर्याय) असेल तर तो चालू करून अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ टक्क्यांवर लावा. नसेल तर क्लाउडच्या अॅपमध्येच अपलोडला लगाम घाला.

राउटर टीव्हीमागून बाहेर काढा

जोडणी करायला आलेला माणूस तार जिथून आत येते तिथेच डबा ठोकून जातो, म्हणजे दाराशी, एमसीबीच्या पेटीजवळ किंवा टीव्हीच्या मागे. टीव्हीचा मागचा पत्रा, लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी यांच्यामागे सावलीच पडते. विटेच्या एका भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ बऱ्यापैकी जातं, दोन भिंती आणि मध्ये आरसीसीचा खांब आला की संपलं.

मॅकवर ऑप्शन की दाबून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं, किंवा अँड्रॉइडवर वाय-फाय अॅनालायझर उघडलं, की सिग्नल डीबीएम या ताकदीच्या एककात दिसतो. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७पर्यंत कामाला हरकत नाही, उणे ७५ला बॅकअपची आशा सोडा. हा आकडा बघत राउटर वेगवेगळ्या जागी ठेवून बघा. फायबरचा डबा दाराशीच राहू द्या. त्यातून एक इथरनेट केबल काढून वाय-फायचा राउटर घराच्या मध्यात, छातीच्या उंचीवर आणला की अर्धं काम होतं.

सिग्नल पुढे पोहोचवणाऱ्या रिपीटरच्या मी विरोधात आहे. तो ऐकतो आणि तेच त्याच हवेत पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्म्यावर येतो. दोन बँडच्या (२.४ आणि ५) मेशचे, म्हणजे मिळून एकच वाय-फाय देणारे डबे वायरशिवाय जोडले तरी हेच होतं. मेश घ्यायचंच तर डबे एकमेकांना केबलने जोडा. बऱ्याच फ्लॅटमध्ये जुन्या केबल टीव्हीची किंवा टेलिफोनची तार भिंतीतल्या पाइपमधून गेलेली असते आणि आता ती निकामी आहे. तिच्या टोकाला नवी कॅट-६ घट्ट बांधा, चिकटपट्टी गुंडाळा आणि दुसऱ्या बाजूने सावकाश ओढा. विजेच्या तारा असलेल्या पाइपमध्ये मात्र ही केबल घालू नका.

दुसरा राउटर लावताना तो 'अॅक्सेस पॉइंट' मोडवर ठेवा. नाहीतर घरात दोन वेगळी जाळी तयार होतात. लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.०ने सुरू होतो आणि डिस्कच्या डब्याचा १९२.१६८.१ने. इंटरनेट दोन्हीकडे चालतं, पण डबा लॅपटॉपला दिसतच नाही. "काल दिसत होता, आज गायब" या तक्रारीत आधी हे दोन पत्ते जुळवून बघा. गेस्ट वाय-फायवर जोडलेल्या लॅपटॉपलाही डबा दिसणार नाही.

जाळं ठीक आहे, तरी बॅकअप थांबतो

मग बघायच्या गोष्टी साध्या आहेत. लॅपटॉप झाकण मिटलं की झोपतो, आणि बॅकअप पहाटे तीनला लावलेला असतो. तो जेवणाच्या वेळेला लावा, चार्जर जोडून आणि झाकण उघडं ठेवून. अँड्रॉइडवर बॅटरी वाचवण्यासाठी सिस्टिमच बॅकअपचं अॅप बंद पाडते. त्या अॅपच्या बॅटरी सेटिंगमध्ये 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा. आयफोनवर मागे चालणाऱ्या अॅपला फारसा वेळ मिळत नाही, म्हणून पहिल्या मोठ्या बॅकअपच्या रात्री अॅप समोर उघडं ठेवून फोन चार्जिंगला लावणं सोपं. आणि वीज जाऊन आल्यावर राउटर डब्याला नवाच पत्ता देतो, लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो. राउटरमध्ये डब्याचा पत्ता कायमचा राखून ठेवला की हे मिटतं.

पहिला बॅकअप नेहमी केबलवर करा. त्यानंतर रोज बदललेल्या फाइलीच जातात, त्यांना बरं वाय-फाय पुरतं.

आता डिस्कचा डबा

गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ला संपली, आणि तेव्हापासून १५ जीबी भरल्याचा निरोप घरोघरी येऊ लागला. नेटवर्कवर ठेवायच्या डिस्कची, म्हणजे नॅसची चौकशी बरेच लोक त्यातूनच करतात.

राउटरच्या यूएसबी पोर्टला डिस्क लावणं हा स्वस्त मार्ग. सिनेमे ठेवायला ठीक, बॅकअपला मी सुचवणार नाही. राउटरचा प्रोसेसर तोकडा असल्याने वेग मिळत नाही, फाइलींच्या जुन्या आवृत्त्या राहत नाहीत, आणि जुने राउटर फाइल शेअर करण्याच्या एसएमबी या पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीवर, एसएमबी-१वरच अडलेले असतात. विंडोज १०मध्ये २०१७च्या शेवटापासून ती मुळात बसवलेलीच नसते. ती पुन्हा चालू करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मे २०१७मधला वॉनाक्राय हा खंडणीचा व्हायरस तिच्यातल्याच भगदाडातून पसरला.

जुना डेस्कटॉप आणि त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा ट्रूनॅस हे नॅसचं सॉफ्टवेअर हा चांगला पर्याय आहे, हाताने करायची आवड असेल तर. मात्र विजेचा हिशोब करा. ५० वॉट खाणारा डेस्कटॉप चोवीस तास चालला तर महिन्याला ३६ युनिट. दोन डिस्कांचा छोटा नॅस २० वॉटच्या आसपास धरला तर साडेचौदा.

बहुतेक घरांसाठी माझी शिफारस दोन डिस्कांच्या, गिगाबिट पोर्टच्या आणि स्नॅपशॉट (त्या त्या वेळच्या फाइलींची राखून ठेवलेली स्थिती) घेता येणाऱ्या नॅसची आहे. अडीच गिगाबिटच्या पोर्टसाठी जादा पैसे तेव्हाच मोजा, जेव्हा राउटर, स्विच आणि लॅपटॉप तिघेही तो वेग घेऊ शकतात. नॅसला वाय-फायवर ठेवू नका. लॅपटॉप वाय-फायवर आणि नॅसही वाय-फायवर म्हटलं की तीच फाइल त्याच हवेतून दोनदा जाते. नॅस राउटरच्या शेजारी, केबलवर.

डिस्क घेताना ती सीएमआर आहे की एसएमआर हे विचारा. सीएमआरमध्ये माग शेजारी शेजारी असतात. एसएमआरमध्ये माग एकमेकांवर चढवून लिहितात, त्यामुळे बिघडलेली डिस्क बदलल्यावर पुन्हा भरताना ती फार रखडते. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्का एसएमआर असल्याचं उघड झालं, त्यानंतर कंपनीने सीएमआरच्या डिस्कांना रेड प्लस हे नाव दिलं. नॅस कोणत्या डिस्का स्वीकारतो तेही घेण्याआधी तपासा. नॅस बनवणाऱ्या सिनॉलॉजीने २०२५च्या प्लस मालिकेत ठरावीक डिस्कांचीच अट घातली होती आणि त्याच वर्षी ती सैल केली.

आकार ठरवताना घरातल्या सगळ्या यंत्रांवरचा भरलेला डेटा मोजा आणि दुपटीने घ्या, जुन्या आवृत्त्यांना जागा लागते. ४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ दिसेल. तो दोष नाही, मोजण्याच्या दोन पद्धतींतला फरक आहे.

दोन डिस्कांवर एकच मजकूर ठेवणाऱ्या रेड-१ (RAID) या पद्धतीला कृपया बॅकअप समजू नका. एक डिस्क मेली तर तो वाचवतो. चुकून पुसलेला फोल्डर दोन्हींवरून एका क्षणात पुसला जातो, आणि खंडणीचा व्हायरस दोन्हींना कुलूप घालतो. डब्याची एक प्रत यूएसबी डिस्कवर काढून भावाकडे किंवा ऑफिसच्या कपाटात ठेवा आणि दर महिन्याला बदला.

नॅस बाहेरून उघडता यावा म्हणून राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करण्याच्या, म्हणजे इंटरनेटवरून थेट वाट उघडण्याच्या फंदात पडू नका, अशी वाट आपोआप उघडणारं यूपीएनपीही बंद ठेवा. जून २०२१मध्ये जगभरातले वेस्टर्न डिजिटलचे माय बुक लाइव्ह डबे इंटरनेटवरून पुसले गेले. जानेवारी २०२२पासून डेडबोल्ट या खंडणीच्या व्हायरसने इंटरनेटला उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे डबे कुलूपबंद केले. आपल्याकडे अनेक कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटतात, त्यामुळे पोर्ट फॉरवर्ड पुष्कळदा चालतही नाही. बाहेरून लागणार असेल तर टेलस्केल किंवा वायरगार्ड ही व्हीपीएनची (सुरक्षित खासगी जोडणीची) साधनं वापरा.

आणि यूपीएस. वळवाच्या पावसात दिवसातून चार वेळा वीज जाते-येते, आणि लिहिता लिहिता वीज गेली की फाइल सिस्टिम बिघडते. घरचा इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावरचा यूपीएस मोड चालू करा, नाहीतर वीज बदलताना लागणाऱ्या क्षणभरात नॅस बंद पडतो. स्वतंत्र यूपीएस घेतलात तर तो यूएसबी केबलने नॅसला जोडा. वीज ठरावीक वेळ आली नाही की नॅस स्वतःच रीतसर बंद होतो. फायबरचा डबा आणि राउटरही त्याच यूपीएसवर ठेवा.

सगळं बसल्यावर एक फोल्डर निवडा, ज्यात फोटो, एक्सेलच्या फाइली आणि देवनागरी नावाच्या दोन-चार फाइली असतील. नॅसवरून तो दुसऱ्या, रिकाम्या फोल्डरमध्ये परत उतरवा. मूळ जागी नको, चुकलं तर मूळही जाईल. फाइली उघडून बघा, नावं शाबूत आहेत का, तारखा तशाच आहेत का ते तपासा. आठवडाभर जुनी आवृत्तीही एकदा मागून बघा. ती मिळाली नाही तर स्नॅपशॉट चालू करायचे राहिले आहेत.